मनू, ओळख परेडच्या लेक्चरआधी हे वाच

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस की पुढच्या आठवड्यात तुमचं ओळख परेडचं, म्हणजे रांगेतून साक्षीदाराला आरोपी ओळखायला लावतात त्याचं, लेक्चर आहे, तेव्हा मी हो हो म्हणाले आणि जेवलीस का विचारून विषय बदलला. तुझ्या लक्षात आलं असणारच. तू पीएसआय झालीस त्या दिवशी गल्लीत पेढे वाटतानासुद्धा हे माझ्या मनात होतं पण तोंडाने बोलायला जमेना, म्हणून आता रात्री बसून टाइप करतीये, लांबलं तरी पूर्ण वाच बाळा.

माझं मंगळसूत्र चोरीला गेलं होतं एवढं तुला माहितीये. १९९३ ची गोष्ट, तू झाली नव्हतीस, माझी पहिली नोकरी ज्या गावी होती तिथली, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. संध्याकाळी शाळेतून येताना मागून मोटारसायकल आली, दोघं होते, मागच्याने हिसडा मारला आणि गेले, सगळं मिळून तीन-चार सेकंद. मी त्याच रात्री तक्रार दिली. आठ दिवसांनी घरी हवालदार आला, मॅडम साहेबांनी बोलावलंय म्हणाला. गेले तर बाकावर बसवलं, चहा दिला, आणि समोर भिंतीला टेकून एक पोरगा उकिडवा बसलेला, अठरा-एकोणीस वर्षांचा, फाटका हिरवा शर्ट, हाताला दोरी. ठाण्यातला लिखापढी करणारा रायटर म्हणाला, नीट बघून घ्या मॅडम. बाकी काही म्हणाला नाही. दहा-बारा दिवसांनी सब जेलमध्ये तहसीलदारांसमोर सात-आठ जणांची रांग लावली आणि मी सरळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तहसीलदारांनी विचारलं याला कुठे पाहिलं होतं, मी म्हणाले त्या दिवशी रस्त्यावर. आणि मनू, मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तो रस्त्यावर दिसत होता.

कोर्टात त्याच्या वकिलाने विचारलं, परेडच्या आधी तुम्हाला आरोपी दाखवला होता का. मी नाही म्हणाले. हे मात्र खोटं होतं. सरकारी वकिलांनी बाहेर व्हरांड्यात समजावलं होतं की हो म्हणालात तर केस पडेल आणि चोर सुटेल, आणि मला माझ्या वस्तूचा राग होता. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

मी इतिहास शिकवायचे. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी म्हणून स्लीमनचं नाव दरवर्षी एका वाक्यात सांगून पुढे जायचे. या प्रकरणानंतर ते एक वाक्य बोलताना अडायला लागले म्हणून वाचायला सुरुवात केली, आणि जे वाचत गेले ते सगळं त्या बाकाकडे घेऊन येणारं निघालं. स्लीमनची सगळी पद्धत माफीच्या साक्षीदारांवर उभी होती. पकडलेल्या ठगाला फाशी माफ करायची, त्याच्याकडून टोळीतल्यांची नावं आणि वंशावळी लिहून घ्यायच्या, मग मुलुखातून धरून आणलेली माणसं त्याच्यापुढे उभी करायची आणि त्याने बोट दाखवायचं. १८३६ चा कायदा असा होता की अमुक खून केला हे सिद्ध करायचीच गरज नाही, माणूस ठगांच्या टोळीत कधीतरी होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. आणि तो टोळीत होता हे सांगणार कोण, तर ज्याचा स्वतःचा जीव त्याच्या उपयोगीपणावर टांगलेला आहे तो. जबलपूरला या लोकांसाठी तंबू आणि गालिचे विणायचा कारखाना काढला होता, मुलांना ते चित्र आवडायचं, मी पण कौतुकाने सांगायचे. ठग नव्हतेच असं मी म्हणत नाही, वाटेत माणसं मारली जात होती हे खरं आहे. पण त्या रांगेत उभा असलेला कोण खरा आणि कोण नुसता सापडला म्हणून उभा, हे कळायची सोयच ठेवली नव्हती. पुढे १८४३ मध्ये हीच पद्धत दरोडेखोरांना लावली.

मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवणारा. तो आधी उत्तरेत आणि १९११ नंतर आपल्या मुंबई इलाख्यातही. सोलापूरला तुझ्या आजोळी आपण जायचो तेव्हा सेटलमेंट, सेटलमेंट म्हणायचे ना सगळे, तो शब्द तिथला. तारेचं कुंपण, हजेरी, परवानगीशिवाय बाहेरगावी जायचं नाही. दरोडा कुठेही पडो, संशयितांची यादी आधीच तयार. तपासात सगळ्यात अवघड काम असतं माणूस शोधायचं, ते कायद्यानेच करून ठेवलेलं, उरतं फक्त साक्षीदाराकडून ओळखून घेणं. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते लोक मोकळे झाले. माझा तो हिरव्या शर्टातला पोरगा पण अशाच वस्तीतला होता हे मला केस चालू असताना कळलं होतं आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट खात्री वाढली होती.

इंग्रज सरकारला आपले पोलीस काय करतात हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही हं. मद्रास इलाख्यातल्या छळाचा चौकशी अहवाल १८५५ चा आहे. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालणार नाही हा नियम १८६१ मध्ये आला आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ म्हणून बसला. म्हणजे ज्या सरकारने पोलीस खातं उभं केलं त्याच सरकारने लिहून ठेवलं की याच्या हातातल्या कबुलीवर विश्वास ठेवू नका. पण कबुली बाद झाल्यावर केसचं वजन कशावर जाणार, तर मिळालेल्या मुद्देमालावर आणि ओळखीवर. दागिना ओळखणं आणि माणूस ओळखणं. मारहाण करून घेतलेल्या कबुलीचे वळ तरी अंगावर दिसतात, लॉकअपच्या दारातून दाखवलेल्या चेहऱ्याचं काय दिसणार? १९०२-०३ च्या फ्रेझर कमिशनने तर सरळ लिहिलं की लोक पोलिसांना भ्रष्ट आणि जुलमी समजतात आणि पोलिसांना लोकांचा विश्वास मिळवता आलेला नाही. सरकारनेच नेमलेलं कमिशन होतं ते.

नझीर अहमदची केस तुमच्या सिलॅबसमध्ये असेल बहुतेक, लाहोर हायकोर्टाकडून प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सगळ्यात वरच्या कोर्टाला गेलेली, १९३६. दरोडा आणि खून, फाशीची शिक्षा. त्यात पोलीस नव्हते, मॅजिस्ट्रेटच होते, पण त्यांनी कबुली कायद्यात सांगितलेल्या पद्धतीने नोंदवली नव्हती. कौन्सिलने म्हटलं की कायद्याने एखादं काम ज्या रीतीने करायला सांगितलंय त्याच रीतीने करा, नाहीतर करूच नका, आणि फाशी रद्द केली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता, तांत्रिक मुद्द्यावर सोडला म्हणून. आता वाटतं की रीत हीच त्या माणसाकडे असलेली एकमेव गोष्ट होती. आणि स्वातंत्र्यानंतरची आपल्या मुंबईचीच लॉइड्स बँकेची केस बघ, १९५१ चा दरोडा, तीही सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. तिथे कोर्टाने सांगितलं की पोलीस परेडला हजर राहून सूत्रं हलवत असतील तर साक्षीदाराने ओळखलं हे पोलिसापुढचं स्टेटमेंटच झालं, ते चालणार नाही. पोलिसांनी परेडमधून पूर्ण बाजूला व्हायचं.

म्हणजे तुम्हाला शिकवतील ते सगळं बरोबरच असेल, आरोपीसोबत रांगेत उभे करायचे डमी सारख्या अंगकाठीचे घ्या, आरोपीला जागा बदलू द्या, कपडे बदलायचे असतील तर बदलू द्या, चेहरा झाकून आणा, पंच बाहेरचे घ्या. माझ्या परेडमध्ये यातलं बहुतेक सगळं पाळलं होतं. पंचनामा एकदम व्यवस्थित होता, तहसीलदार चांगले गृहस्थ होते. जे व्हायचं ते आधीच त्या बाकावर होऊन गेलं होतं, चहाच्या कपासोबत, आणि त्याची कुठल्या डायरीत नोंद नाही. एक दिवस तुझ्या ठाण्यात कोणीतरी बाई तक्रार घेऊन येईल, रडत असेल, आणि आरोपी चार पावलांवर लॉकअपमध्ये असेल. तुझा एखादा जुना हवालदार म्हणेल मॅडम, जरा दाखवून घेऊ का, खात्री होईल. तो वाईट माणूस असेलच असं नाही, त्यालाही खरंच वाटत असेल की हाच चोर आहे. त्या वेळी त्या बाईला कुठल्या दारातून आत आणायचं आणि कुठे बसवायचं हे तुझ्या हातात असणार आहे, कोर्टाच्या नाही, तहसीलदाराच्या नाही.

मी त्या पोराला नंतर शोधायचा प्रयत्न केला होता, २००६ च्या सुमारास, तुझे बाबा सोबत आले होते. वस्ती तिथून उठली होती. कोणी सांगितलं ऊसतोडीला जातो, कोणी सांगितलं वारला. पुढे काही केलं नाही मी.

तो चोर होता का? मला माहीत नाही मनू, आणि आता कधी कळणारही नाही, कारण मी डोळे मिटून तो रस्ता आठवते तेव्हा मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाच्या अंगात हिरवा शर्टच दिसतो. माझ्या तक्रारीची प्रत मी जुन्या पत्र्याच्या पेटीतून काढलीये, फोटो काढून तुला पाठवते, माझीच सही आहे खाली. त्याच रात्री दिलेली आहे ती. चौथी ओळ वाच, तिथे मी सांगितलंय की त्याने काळं जर्किन घातलं होतं.

आई