शिडाच्या होडीतला दुसरा गडी

महोदय,

शर्यतीत पहिला कोण आला, एवढंच आपण विचारतो. दोघांच्या शिडाच्या होडीत पहिला एकटा कधीच नसतो, म्हणून हा खेळ मला जिवापाड आवडतो.

नेव्हल एनसीसीत असताना मी तो अंबाझरी तलावावर शिकलो. ‘एंटरप्राइझ’ होडी, लांबी जेमतेम चार मीटर, शिडं निळी. सुकाणू आणि मोठं शीड एकाकडे, पुढचं लहान शीड क्रूकडे, म्हणजे दुसऱ्या गड्याकडे. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं. ‘वळतो रे!’ अशी हाक आली की दोघंही बूमखालून, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याखालून, वाकून होडीच्या पलीकडच्या काठावर. क्रूनं एक दोर सोडून दुसरा त्याच दमात ओढायचा. जरा उशीर झाला की शीड फडफडतं, वेग मरतो. तळ्यावरचा वारा तर भलताच लहरी! पाण्यावर काळपट सुरकुत्या दिसल्या की झोत आलाच. ते आधी हेरतो तो क्रू. मग दोघं पाठ पाण्यावर झुकवून होडी सपाट धरतात. त्या घडीला बोलावंही लागत नाही.

1982 च्या आशियाई स्पर्धेत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांच्या होडीच्या प्रकारात सुवर्ण जिंकलं. 2018 मध्ये वर्षा गौतम आणि श्वेता शेर्वेगर यांनी रौप्य. जोड्याच त्या.

अंबाझरीतली जलपर्णी वेळच्या वेळी काढावी आणि शाळकरी मुलामुलींना जोडीनं होडीत बसवावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर