मॅडम, तुमचे आभार मानायचे राहिलेत

मॅडम, समोर बोलायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय.

आजोबा कोल्हापुरात दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगात राहून शिकले. १९०६ साली शाहू महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि स्वतः तिचे अध्यक्ष झाले, हे आमच्या घरी लहान पोरांनाही पाठ आहे. त्या घरातली मी पहिली डॉक्टर. एमडी झाले, मेडिकल कॉलेजात पीएसएमला, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विभागाला, असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागले, वाटलं आता झालं सगळं. असोसिएट प्रोफेसर व्हायला चार वर्षं, दोन रिसर्च पेपर, बीसीबीआर हा रिसर्चचा बेसिक कोर्स, मेडिकल एज्युकेशनचा बेसिक कोर्स, हे नियमात लिहिलंय, पण पैसे उकळणारं बोगस जर्नल कसं ओळखायचं, पेपरवर कुणाचं नाव कितवं हे आधीच कसं बोलून घ्यायचं, हे ज्यांच्या घरात प्रोफेसर आहेत त्यांना जेवताना कळतं, आम्हाला कोण सांगणार? तुम्ही सांगितलंत. ओपीडी संपल्यावर बसवून सांगितलंत.

आणि ते वस्तीचं काम. मुस्लिम मोहल्ल्यात कुणी गोवर-रुबेलाची लस नको म्हटलं की मलाच पाठवायचे, तुझं ऐकतील म्हणून. मी मनापासून जायचे, आजही जाते, पण त्याच वेळात बाकीच्यांचे पेपर लिहून व्हायचे आणि माझं हे काम कुठंच धरलं जायचं नाही. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांत अल्पसंख्याकांवर पडणाऱ्या अशा जादा कामाला मायनॉरिटी टॅक्स म्हणतात हेही तुमच्याकडूनच कळलं. मीटिंगमध्ये तुम्ही सरळ विचारलंत, हे एकटीनंच करायचं काय, सगळ्यांच्या पाळ्या लावा. मला म्हणालात, आया नको का म्हणतात ते तुला माहितेय न्हवं, मग त्याचाच प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिही, आधी एथिक्स कमिटीची परवानगी, मग लोकांकडून फॉर्म भरून घे. पेपर रिजेक्ट होऊन आला त्या संध्याकाळी मी सोडूनच देणार होते, तुम्ही रिव्ह्यूअरची एकेक कमेंट माझ्याबरोबर वाचलीत आणि उत्तरं मात्र मलाच लिहायला लावलीत. नावांचा विषय निघाला तेव्हा, काम तिनं केलंय, पहिलं नाव तिचं, एवढंच बोललात.

मॅडम, मनापासून आभार. आणि आपल्याकडं नवीन जॉइन झालेत ना, वडार समाजातले, त्यांचा प्रोटोकॉल मी बघतेय. सॅम्पल साइजला, म्हणजे अभ्यासात किती जण घ्यायचे त्याला, अडकलोय, सोमवारी दोघं येतो.