बाबा, तुमच्या मित्राचा फोन आला होता

नाशिक, रविवार रात्र

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी दुपारी आडगावच्या साइटवर होते, तेव्हा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी तुझ्या बाबांबरोबर वीज बोर्डात होतो. बाबा म्हणाले, पोरीनं वायरिंगचं स्वतःचं काम सुरू केलंय, जरा लक्ष असू दे." मी हो काका, हो काका करत फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

म्हणजे बाबा, तुम्हाला कळलंय. कधी कळलं, कोणी सांगितलं ते मी विचारणार नाही. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत, उलट माझ्यासाठी शब्द टाकत बसलात, हेच जास्त लागलं. गणपतीत आईनं मोदकाचं सारण ढवळता ढवळता विचारलं होतं, "कंपनी काय म्हणते गं?" आणि मी म्हटलं होतं, "बरी चाललीय." तेव्हा कंपनी सोडून महिना उलटून गेला होता. ३१ जुलै हा माझा शेवटचा दिवस. आई, मी तुझ्याशी खोटं बोलले. त्याची माफी आधी मागते, मग बाकीचं.

सांगितलं नाही, कारण बाबांचा बीपी तेव्हाच कुठे नव्या गोळीवर बसला होता. म्हटलं, हातात चार कामं येऊ देत, मग सांगू. चार आली. मग वाटलं, दहा होऊ देत. असं करता करता दिवाळीही गेली.

पण एवढं ऐका, मी डोकं न लावता काही केलेलं नाही. अकरा वर्षं मी त्या टेस्टिंगच्या टेबलावर विजेचे पॅनेल तपासून पाठवले. माझ्याकडे शिकलेली दोन मुलं माझ्या डोक्यावर साहेब म्हणून बसली, मला मात्र दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू." राजीनाम्याआधी घराच्या कर्जाचे नऊ हप्ते वेगळ्या खात्यात टाकून ठेवले. पीएफला हात लावलेला नाही. आई, तुझ्या पाटल्या लॉकरमध्येच आहेत, हे पहिलं सांगायला हवं होतं. पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र होतंच. ठेकेदारीचा परवाना हातात पडल्यावरच साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. मेगर, अर्थ टेस्टर, टाँगटेस्टर, तपासणीचं सगळं सामान नवीन घेतलं, तेही माझ्या साठवलेल्या पैशांतून. उद्यम नोंदणी फुकट झाली. जीएसटीचा नंबर अजून लागत नाही, कारण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे. आणि जुन्या कंपनीचा एकही ग्राहक मी फोडलेला नाही. कोणी तसं म्हणालं, तर विश्वास ठेवू नका.

आता काम कुठून मिळतं, ही तुमची खरी काळजी. पहिले तीन आठवडे काहीच मिळालं नाही, हे लपवत नाही. रोज सकाळी गाडी काढायची आणि पाथर्डी फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंत जिथं सेंट्रिंग दिसेल तिथं उतरायचं. सत्तावीस साइट झाल्या. बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न, "मॅडम, तुमचे ठेकेदार कुठायत?" मीच ठेकेदार म्हटलं की कार्ड घेऊन खिशात टाकायचे. दुकानांच्या काउंटरवर गेले, तर दुकानदार गिऱ्हाईक पाठवायला तयार, पण बिलावर दहा टक्के त्याचे. ते दहा टक्के शेवटी वायरीतूनच निघतात ना बाबा? चार एमएमच्या जागी अडीच एमएमची बारीक वायर घालून. मी नाही म्हणाले.

मग पंचवटीतल्या एका वाड्यातून बोलावणं आलं. सत्तरीच्या आजी, एकट्याच राहतात. संध्याकाळी दिवे मध्येच भगभगायचे, मध्येच मंदावायचे. टीव्ही जळाला, दोन बल्ब फुटले. माझ्याआधी दोघं येऊन होल्डर बदलून पैसे घेऊन गेले होते. वाड्यात थ्री फेज, तीन बिऱ्हाडांत वाटलेली. मी आधी व्होल्टेज पाहिलं तर एका फेजवर २७०, दुसऱ्यावर १९०. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, ढिली आहे हे तुम्ही असतात तर जिना चढायच्या आत सांगितलं असतंत. मेन स्विच बंद करून झाकण काढलं. न्यूट्रल लिंकचा स्क्रू काळाठिक्कर, वायरीवरचं प्लास्टिक बोट लावताच पापडासारखं मोडलं. वायर चांगल्या तांब्यापर्यंत मागे कापली, नवीन लग दाबून बसवला, लिंक बदलली, तिन्ही बिऱ्हाडांची व्होल्टेजं पुन्हा मोजली. दोन तास लागले, सामानासकट नऊशे रुपये घेतले. आजी माझ्या शेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. जळका स्क्रू मी त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "आजी, रोग हा होता."

तो स्क्रू त्यांनी आल्यागेल्याला दाखवला. त्यातून वाड्याच्या मालकाची पूर्ण नवी वायरिंग मिळाली, त्यांच्या पुतण्याचा आडगावचा बंगला मिळाला, आणि खालच्या किराणावाल्याच्या गोदामाचंही. दुपारी घरी एकट्या असणाऱ्या बायका आता मला मुद्दाम बोलावतात. अनोळखी माणसाला घरात घेऊन दोन तास बसायला त्यांना नको वाटतं. सत्तावीस साइटवर ज्याची अडचण झाली, तेच इथे कामाला आलं.

साइटचं कामही आलं, पण कसं ते ऐका. पाथर्डी फाट्याच्या एका सुपरवायझरचा संध्याकाळी सहाला फोन. सकाळी सातला काँक्रीट, सळई बांधून तयार, आणि त्यांचा इलेक्ट्रिशियन गायब. मी येवल्याच्या आयटीआयची माझी दोन पोरं घेऊन गेले. हॅलोजनच्या उजेडात साडेबारापर्यंत वायरींचे पाइप टाकले. प्रत्येक फॅनबॉक्समध्ये कागद ठासून भरला, बॉक्स बाइंडिंग वायरनं सळईला आवळला, जॉइंटला सोल्युशन लावलं. सकाळी स्लॅब भरताना मी तिथंच उभी होते, कारण कामगारांचा पाय पडून एक पाइप जरी निसटला, तरी पुढे छत फोडायची वेळ येते. सेंट्रिंग काढल्यावर एकही पाइप चोंदलेला निघाला नाही. बारा फ्लॅटची ती बिल्डिंग आता माझ्याकडे आहे.

दोन सोलरवाले अर्थिंगचं काम देतात. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली, तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे, त्यामुळे कॉलन्यांमधून भराभर पॅनेल चढतायत. एकेका छताला तीन अर्थिंग लागतात, डीसीचं, एसीचं आणि वीज अटकावाचं. खड्डे खणायला कोणी नसतं, मी ते घेते. अंबडमधल्या दोन छोट्या वर्कशॉपचा पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला खरा कामाला लागणारा वाटा, घसरून बिल वाढत होतं. तिथं कपॅसिटर बदलले आणि आता दर महिन्याला एक फेरी असते.

सिंहस्थाची कामं निघालीत, त्यात शिर म्हणून खूप जण सांगतात. टेंडरला केलेल्या कामांचे दाखले मागतात, उलाढाल मागतात, बयाणा आधी भरावा लागतो. माझ्याकडे अजून ते नाही. एका मोठ्या ठेकेदारानं खालचं काम देऊ केलं, पैसे त्याचं बिल निघाल्यावर. मी घेतलं नाही. एकदा पोळलेय. ऑगस्टमध्ये एका बिल्डरकडे ३८ हजार अडकले, ते अजून अडकलेलेच आहेत. तेव्हापासून सामानाचे पैसे आधी, मजुरी टप्प्याटप्प्यानं, हा नियम केलाय. बाबा, त्या पैशांसाठीही कोणाला फोन करू नका. मी मागतेय.

आता फोनचंच बोलते. काकांनी प्रेमानं विचारलं, नवीन कनेक्शनची माणसं तुझ्याकडे पाठवू का म्हणून. मी नको म्हटलं. रागावू नका. त्यात तुमचा अपमान करायचं माझ्या मनात कणभर नाही. पण ऑफिसातून पाठवलेलं गिऱ्हाईक मला बघून येत नाही, मीटर लवकर मिळेल म्हणून येतं. उद्या काम अडलं, तर नाव तुमचं जाईल. ३५ वर्षं तुम्ही जे नाव सांभाळलंत, ते माझ्या विझिटिंग कार्डावर खर्च करायचं नाही मला. परवाना आल्यापासून तीन जण वायरिंग तपासल्याच्या टेस्ट रिपोर्टवर नुसती सही मागायला आले. घर न बघता, मेगर न लावता. एकानं पाकीट टेबलावर ठेवलं होतं. मला मनमाड रोडच्या त्या हॉटेलवाल्याचं मीटर आठवलं, ज्याचे पैसे तुम्ही घेतले नव्हतेत, आणि ती दिवाळी आठवली. आई, त्या दिवाळीला तू आम्हाला जुनेच कपडे धुऊन, इस्त्री करून घातले होतेस. पाकीट मी परत दिलं.

जीवाचं म्हणाल तर मी चुकूनही घाई करत नाही. त्या जूनच्या रात्रीच्या अपघातानंतर आपल्या घरात कोणी घाई करेल का? बाबा, तुम्ही गल्लीतल्या खांबावर चढायचात तेव्हा मी खाली बॅटरी धरून उभी असायचे. काढलेला फ्यूज तुम्ही माझ्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, "मी खाली उतरेपर्यंत मूठ उघडायची नाही. कोणीही मागितला तरी द्यायचा नाही." शेजारचे आजोबा चिडून हात पुढे करायचे, मालिका चुकतेय म्हणून, आणि मी मूठ पोटाशी धरून रडायला लागायचे, पण उघडायची नाही. आता एमसीबीला कुलूप लावते आणि किल्ली माझ्या खिशात असते. पोरांनाही तेच शिकवलंय, फक्त कुठून शिकले ते अजून सांगितलेलं नाही.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. डबा घरचाच असतो, दीडच्या आत खाते. पायात रबरी सोलचे बूट असतात, उन्हात टोपी. छोटी शाळेतून शेजारच्या काकूंकडे जाते, तिथं तिला वरणभात मिळतो आणि अभ्यासही होतो. तुमचे जावई सकाळचं सगळं बघतात. बुधवारी कणीकसुद्धा त्यांनीच मळली. पगाराच्या दिवसांपेक्षा आता मी रात्री लवकर झोपते, खरंच.

बाबा, एक मागणं आहे. पुढच्या महिन्यात आडगावच्या बंगल्याचे अर्थिंगचे खड्डे घ्यायचेत. जमीन मुरमाड आहे, अर्थिंगच्या रोधाचं रीडिंग सहज खाली यायचं नाही. तुम्ही एक दिवस या. मी गाडी घेऊन येते, खुर्ची टाकून देते. कोळसा-मीठ कसं थरानं भरायचं ते पोरांना तुमच्या तोंडून ऐकू दे. शिडीला मात्र हात लावायचा नाही, हे आत्ताच कबूल करा.

आता तुमच्या घरचं. आई, परवा तू सहज म्हणालीस, गीझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. हे सहज सांगायचं नसतं गं. कॉइलमधून करंट गळतोय आणि अर्थिंग ते नेत नाहीये. दादानं मागच्या दारी फरशी टाकली तेव्हा अर्थिंगचा खड्डा खाली गेला, दोन वर्षं त्यात पाणी पडलेलं नाही. बाबा, तुम्हाला हे कळत होतं, तरी "बघू उन्हाळ्यात" म्हणालात ना? आणि त्या किटकॅट फ्यूजमध्ये तुम्ही जाड तार भरून ठेवलीय, तीही मी दिवाळीत पाहिलीय. दुसऱ्याच्या घरी तुम्ही तसं चालू दिलं असतंत?

पुढच्या रविवारी सकाळी नऊपर्यंत पोचते. एक पोरगा बरोबर असेल. फरशीची एक लादी काढू, नवीन खड्डा घेऊ, मेनला ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवू, गीझरची कॉइल बदलू. पोरासाठी भाकरी जास्त टाक, तो पाच खातो. बाबांनी बीपीची गोळी चहाआधी घ्यायची, चहानंतर नाही. रात्री बाथरूममध्ये जाताना पॅसेजमधला दिवा चालूच ठेवा, बिलाचं मी बघते.

तोवर अंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. बाबा, पत्र वाचून झालं की लगेच उठा, आधी मेन बंद करा, गीझरचा फ्यूज काढा आणि आईच्या हातात द्या. आई, मी येईपर्यंत मूठ उघडायची नाही. बाबांनी मागितला तरी.

तुमची,
चिमी