तुझ्या टाकीतल्या पिल्लांबद्दल

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतीस, म्हणून सविस्तर लिहिते. तुझ्या गप्पी माशांना पिल्लं झाली आहेत. "पण मी तर फक्त माद्याच आणल्या होत्या!" हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण दुकानात नर-माद्या एकाच टाकीत असतात, आणि गप्पीची मादी एकदा नराजवळ राहिली की त्याचं बीज पोटात कित्येक महिने साठवून ठेवते. मग नराचं तोंड न बघताही साधारण दर चार आठवड्यांनी विते. अंडी नाहीत, थेट पोहणारी पिल्लं. मोठीचं पोट खालून चौकोनी दिसायला लागलं होतं आणि शेपटीकडचा डाग गडद झाला होता, ती वेळ भरल्याचीच खूण. तेव्हा आणखी एक-दोन खेपा होणार, हे धरूनच चाल.

सकाळी लाइट लावला तर जावा मॉसमध्ये, म्हणजे टाकीतल्या त्या शेवाळासारख्या वनस्पतीत, नुसते डोळेच दिसत होते. अंग काचेसारखं आरपार. आई स्वतःच त्यांना खाते, त्यामुळे जी मॉसमध्ये शिरली तीच वाचली. बाबांनी चहाच्या गाळणीने नाही, कपात पाण्यासकट एकेक उचललं, कारण गाळणीने अंग खरचटतं. आता ती जुन्या टाकीत आहेत. मोठ्या फिल्टरमध्ये ओढली जातील म्हणून तिथे फक्त स्पंज फिल्टर लावलाय.

खाणं दिवसातून तीन-चार वेळा, पण चिमूटभरच, फ्लेक्स बोटांत चुरून. उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो, पण पाणी लगेच खराब होतं, म्हणून मी तो बंद केला. खरी गंमत आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवांची. बाटलीत मिठाचं पाणी, त्यात पावडरीसारखी दिसणारी अंडी आणि सतत हवेचे बुडबुडे. साधारण दिवसभरात फुटतात. मग हवा बंद करायची आणि बाटलीच्या तळाशी टॉर्च धरायचा. टरफलं वर तरंगतात आणि केशरी जीव उजेडाकडे धावत येऊन तळाला ढगासारखे गोळा होतात. ते पिपेटने ओढून, गोड्या पाण्याने धुऊन टाकीत सोडले की पिल्लांची पोटं काही मिनिटांत केशरी होतात. मी रोज खुर्ची ओढून हे बघत बसते. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवूनच घालते आणि एका वेळी पाव टाकीच बदलते.

आता मुख्य मुद्दा. "जास्त झाली तर रंकाळा तलावात सोड ना," असं तू म्हणालीस. नाही सोनू. हा मासा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा, आणि घाण पाण्यातही तग धरतो. रंकाळ्यातलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, तू लहानपणापासून बघतेस. तेही दक्षिण अमेरिकेतलंच, आणि जगभर पसरलं ते सुंदर फुलांपायी. उजनी धरणात चिलापी ह्या बाहेरून आलेल्या माशाने गावठी माशांचं काय केलं ते तिथल्या कोळ्यांना विचार. आफ्रिकन मागूर ह्या परदेशी माशाच्या पालनावर तर 2000 साली सरकारला बंदी घालावी लागली. आपल्या ओढ्या-तळ्यांतले चिमुकले गावठी मासे आधीच कमी होत चाललेत, त्यांच्या तोंडचा घास आपल्या हातून जाऊ नये. आरोग्य खातं डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी वाटतं, हे मला माहीत आहे. ओढ्याला न जोडलेल्या सिमेंटच्या हौदात ते ठीक, वाहत्या पाण्यात नाही.

म्हणून घरं शोधली. महिन्या-दीड महिन्याचे झाले की नराचा पोटाखालचा मागचा पर निमुळता, टोकदार होतो. तो दिसला की नर लगेच वेगळे काढते, नाहीतर ह्याच पिल्लांना पिल्लं होतील. शेजारच्या काकूंच्या नातवाला नुसते नर दिले. तो काचेच्या वाडग्यात ठेवणार होता, तेव्हा आधी टाकी आणायला लावली. माझ्या शाळेतल्या प्रयोगशाळेत काही गेले. दुकानदारानेही काही घेतले, पैसे दिले नाहीत, मी मागितलेही नाहीत. देताना पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवायची, आणि नव्या टाकीत पंधरा-वीस मिनिटं पिशवी तशीच तरंगू द्यायची. पाठीत बाक असलेलं एक आहे. ते कुणाला द्यायचं नाही, ते आपल्याकडेच राहील. इतरांच्या मागे पडतं, म्हणून त्याच्या कोपऱ्यात मी वेगळं खाणं टाकते.

तुझ्या रूममेटला हवे असतील तर खुशाल घेऊन जा, पण टाकी निदान वीस लिटरची हवी. आपल्या फिल्टरच्या जुन्या स्पंजचा तुकडा ओला ठेवून पाठवते. तो तिच्या फिल्टरमध्ये घाला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू लवकर रुजतील. पाण्यातल्या नायट्राइटची (माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी द्रव्याची) टेस्ट शून्य आली की मला फोटो पाठव, मग बाबा मासे घेऊन येतील.

तुझी,
आई