ज्याचे पैसे अडकले त्याने कुठे फोन करायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलमुळे रोजगार वाढतो आणि छोट्या माणसाचे 'सक्षमीकरण' होते, असे सांगणारा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकमहाशयांनी केरळपासून केनियापर्यंत सगळे फिरवून आणले, कोकणात मात्र गाडी थांबली नाही. आमच्या स्टेशनवर बऱ्याच गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे सवय आहे.

केरळच्या मच्छीमारांचे कबूल. १९९७ नंतर किनाऱ्यावर टॉवर आले, होडीतूनच चार बंदरांचा भाव विचारता येऊ लागला, तारली फेकून द्यायची वेळ टळली. त्यांचा नफा ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकालाही मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली. चांगलेच झाले. पण भाव कळणे वेगळे आणि पैसे हातात पडणे वेगळे. लेख नेमका तिथेच संपतो.

आमच्या घरी हे सगळे 'सक्षमीकरण' होऊन गेले आहे. पूर्वी आंबा वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. हमाली, तोलाई, दलाली कापून आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, यायची. सूनबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, पेट्या थेट पुण्याच्या घरांत जाऊ लागल्या, पैसे क्यूआर कोडवर. दोन पैसे जास्त सुटले, खोटे का बोला? मग गेल्या मे महिन्यात, ऐन हंगामात, खाते गोठले. कोणा अनोळखी गिऱ्हाइकाने दोन पेट्यांचे पैसे पाठवले होते. ते म्हणे दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा फसवणुकीतून फिरत फिरत आमच्याकडे आले. संशय दोन पेट्यांच्या पैशांवर आणि गोठवले अख्खे खाते!

बँकेतल्या साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवला. "काका, होल्ड लागलाय, आमच्या हातात काही नाही." मग कोणाच्या हातात? तर त्या राज्याच्या सायबर पोलिसांच्या. त्यांना मेल करा. मेल केला. उत्तर नाही. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला, तर तो नंबर ज्याचे पैसे गेले त्याच्यासाठी. आमचे गेले नव्हते हो, आमच्याच खात्यात बसून आमच्याकडे बघत होते! नेपाळी गड्यांचा पगार, खोकेवाला, पेंढेवाला, सगळे अंगणात उभे. अढीतला आंबा काही कोणाच्या तपासासाठी थांबत नाही. शेवटी पाहुण्यांकडून उसने घेऊन गडी वाटेला लावले आणि उरलेला माल निमूटपणे वाशीला धाडला. आडत्या पट्टी उशिरा पाठवतो, पण पाठवतो. आणि नाही पाठवली तर त्याच्या गाळ्यावर जाऊन बसता येते.

केनियात २००७ पासून साध्या फोनवरून पैसे जातात, त्याचे आपण कौतुक केलेत. पण तिथे ते पैसे रोख करून देणारा एजंट म्हणजे वस्तीतलाच दुकानदार असतो. निदान समोर एक माणूस तरी दिसतो. आम्हाला 'एक दाबा, दोन दाबा' एवढेच ऐकू येते. खाते पावसाळ्यात सुटले. का लागले, कसे सुटले, कोणी सांगितले नाही. ती दोन पेट्यांची रक्कम अजून अडकलेलीच आहे. आंबे मात्र त्या गिऱ्हाइकाने केव्हाच खाल्ले असतील.

पुढचा लेख छापाल तेव्हा लेखकांना विचारून एवढे कळवा, की रोजगार मोबाइलवर आला तर तक्रार कोणत्या खिडकीवर न्यायची.

आपला,
एक आंबा बागायतदार
ता. राजापूर, जि. रत्नागिरी

ता. क. : लेखासोबतच्या फोटोखाली 'हापूस' लिहिले आहे. पेटीतला आंबा पायरी आहे, चोच स्पष्ट दिसते. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते कुठल्याही पिवळ्या आंब्याखाली त्याचे नाव छापण्यासाठी नव्हे.