चाचणी गांडुळावर, सल्ला मुलांना

महोदय,
ऑगस्ट उजाडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो : शाळेतली जंताची गोळी नको, वावडिंग द्या, ते चाचण्यांत सिद्ध झालंय. चाचण्या झाल्या हे खरं. कशावर, हे मात्र कुणी विचारत नाही.

फार्मसी कॉलेजांतल्या अशा बऱ्याच चाचण्या गांडुळावर होतात. काचेच्या बशीत वनस्पतीचा अर्क, त्यात गांडूळ आणि हातात स्टॉपवॉच. वळवळ थांबली की ‘लुळं पडलं’ अशी नोंद. ५० अंश तापलेल्या पाण्यात टाकूनही हललं नाही, तर ‘मेलं’. तुलनेसाठी शेजारच्या बशीत अल्बेंडाझोल, म्हणजे शाळेतल्या जंताच्या गोळीतलं औषध. गांडूळ फुकटात मिळतं, म्हणून सोय होते. पण ओल्या कातडीने श्वास घेणारा हा मातीतला जीव नुसत्या मिठाच्या पाण्यातही मरतो! आतड्यातला जंत वेगळ्याच वर्गातला, चिवट आवरणाचा. शिवाय पोटात गेलेला काढा बशीतल्याइतका कडक थोडाच राहतो?

वावडिंगाशी माझं वैर नाही. आमच्या घरातली सगळी बाळं वावडिंगाचं पाणी पिऊनच वाढली. वनस्पतीतून जंतांचं औषध निघतंही. किरमाणी ओव्यातलं सँटोनिन डॉक्टर वर्षानुवर्षं देत. घेणाऱ्याला सगळं पिवळं दिसू लागे, म्हणून सुरक्षित गोळ्या येताच ते मागे पडलं. झाडपाल्याचं म्हणून निर्धोक, असं नसतं.

तपासायचंच तर नीट तपासा. बाजारात वावडिंग म्हणून दुसऱ्याच झुडपांची फळंही खपतात, तेव्हा आधी वनस्पतीची ओळख पटवा. मात्रा ठरवा. मग जंत असलेल्या रुग्णांच्या शौचातली अंडी औषधाआधी आणि दोन-तीन आठवड्यांनी मोजा, अल्बेंडाझोल घेतलेल्यांशी ताडून पाहा. व्हिपवर्म जातीच्या जंतावर अल्बेंडाझोलची एक मात्रा कमी पडते. तिथे नव्या औषधाची खरोखर गरज आहे.

तोवर १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना मोफत मिळणारी गोळी पालकांनी चुकवू नये. दोन वर्षांखालच्यांना अर्धीच देतात, तीही कुटून. आणि आपल्या अंकात ‘अमुक पाला जंतांवर गुणकारी’ अशी बातमी येईल, तेव्हा चाचणी कोणत्या प्राण्यावर झाली, ते पहिल्याच परिच्छेदात छापावं, ही विनंती.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, नौपाडा, ठाणे