जुनी माणसे परत घ्या, नव्यांना आधी रस्ता शिकवा

प्रति,
मा. महाव्यवस्थापक (शहर बस संचालन),
मुख्य कार्यालय

विषय: इंदूरमधील राजेंद्रनगर–राजवाडा मार्ग १ मेला जुन्या कंपनीकडून आपल्या कंपनीकडे आला, तेव्हापासून चालक-वाहकांच्या तुटवड्यामुळे होणारे हाल आणि अपघाताचा धोका.

महोदय,
स. न. वि. वि.

मी राजेंद्रनगरात राहतो. पश्चिम रेल्वेच्या रतलाम डिव्हिजनमध्ये ३४ वर्षे गार्ड होतो, आता निवृत्त आहे. आपल्या हेल्पलाइनवर मी चार वेळा फोन केला. चारही वेळा तासाभरात मोबाइलवर ‘तक्रारीचे निराकरण झाले’ असा संदेश आला. प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. चौथ्या वेळी फोनवरच्या मुलीने सांगितले, की मुख्य कार्यालय महाराष्ट्रात आहे, मराठीत लिहिले तरी साहेब वाचतील. म्हणून हे सविस्तर पत्र.

गाडी किती वाजता आली, किती उशिरा आली, कशामुळे आली, हे लिहून ठेवायची माझी सवय नोकरी संपली तरी गेली नाही. जून महिन्याची माझी डायरी अशी आहे: सकाळची ६.१० ची पहिली बस ३० दिवसांपैकी ११ दिवस आलीच नाही. आणखी ७ दिवस ती वीस मिनिटांपेक्षा जास्त उशिरा आली. बसेस नाहीत म्हणावे, तर तसेही नाही. डेपोत बसेस उभ्या आहेत, मी स्वतः जाऊन पाहून आलो. गेटवरच्या माणसाने सरळ सांगितले, “गाडी है, ड्राइवर नहीं है।”

या पहिल्या बसने कोण जाते, हे आपल्याला माहीत असायला हवे. माझी सून नर्स आहे, तिची ड्यूटी सातला लागते. तिच्याबरोबर रुग्णालयात झाडू-पोछा करणाऱ्या दोघी असतात, आणि छावणीत तीन घरी पोळ्या करणाऱ्या एक मावशी. बस आली नाही की सून रिक्षा करते. मासिक पास काढलेला असूनही जूनमध्ये तिचे रिक्षाला नऊशेच्या वर रुपये गेले. मावशींना रिक्षा परवडत नाही. त्या चोइथराम चौराह्यापर्यंत पायी जातात आणि तिथून मिळेल ते वाहन पकडतात. दोनदा उशीर झाला म्हणून त्यांचे एक घर सुटले. हे नुकसान आपल्या कुठल्याही कागदावर येणार नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

आता २६ जूनची गोष्ट. पाऊस होता. राजवाड्याहून संध्याकाळी ७.४० ची बस आठ वाजून गेल्यावर सुटली. चालक नवा होता, बाहेरगावचा. कलेक्टर ऑफिसच्या चौराह्यावर त्याने मागे वळून आम्हालाच विचारले, आता कुठे वळू? मी पुढे जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि राजेंद्रनगरपर्यंत एकेक वळण सांगत आलो. माणिकबागेजवळ एक दुचाकी आडवी आली, त्याने उशिरा ब्रेक दाबला आणि उभ्या असलेल्या एक आजी पडल्या. मनगटावर निभावले. मी त्याला विचारले, कधीपासून चालवतो आहेस? म्हणाला, “सुबह पाँच बजे से, अंकल। दूसरा कोई आया ही नहीं।” म्हणजे पंधरा तास. मोटर परिवहन कामगारांना दिवसाला आठ तास, ही मर्यादा १९६१ च्या कायद्याने घालून दिली. रेल्वेत असताना झोपाळलेल्या माणसाच्या हातात गाडी असली की काय होऊ शकते, हे मी पाहिले आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

साहेब, आमच्याकडे एल. आर. म्हणून एक पद्धत आहे, लर्निंग रोड. ड्रायव्हर कितीही जुना असो, नव्या सेक्शनवर त्याच्या हाती एकदम गाडी देत नाहीत. तो आधी माहीतगार ड्रायव्हरबरोबर फेऱ्या मारतो, दिवसाच्या आणि रात्रीच्याही. सिग्नल कुठे आहे, चढ कुठे लागतो, ब्रेक कुठून धरायचा, हे डोळ्यांनी बघतो आणि मगच ‘रस्ता समजला’ अशी सही देतो. बरेच महिने त्या सेक्शनवर गेला नाही, तर पुन्हा एल. आर. मी खंडवा लाइनवर मीटर गेजच्या काळात काम केले आहे. पातालपाणी ते कालाकुंड हा घाट चाळीस फुटांना एक फूट असा उतरतो. इंजिन तेच, डबे तेच, पण रस्ता न शिकलेल्या माणसाला त्या घाटात कोणी गाडी नेऊ देत नसे.

शहरात घाट नाही, पण रस्ता इथेही शिकावाच लागतो. रंगपंचमीला गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते तेव्हा राजवाड्याकडची बस कुठून फिरवायची, अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या म्हणजे देखाव्यांच्या गाड्या निघाल्या की शेवटची फेरी कुठून सोडायची, मोठ्या पावसात कुठल्या कोपऱ्यावर पाणी साचते, हे जुन्या चालकांना तोंडपाठ होते. जुना कंडक्टर तर मावशी दिसल्या नाहीत तर अर्धा मिनिट बस थांबवून गल्लीकडे बघायचा. तो मला परवा मल्हारगंजात भेटला, एका गोदामात कामाला लागला आहे. म्हणाला, “काका, नऊ वर्षे झाली होती मला. नव्या कंपनीने सांगितले, नव्याने अर्ज करा, आधीची वर्षे धरणार नाही, नोकरी नव्याने पहिल्या दिवसापासून आणि पगारही नव्या माणसाचा.” ही त्याची बाजू झाली. आपली बाजू वेगळी असेल तर ती मला कळवावी. पण तो एकटा नाही. या मार्गावरचे जुने चेहरे मी मोजले, आता दोनच उरले आहेत.

असे जगात इतरत्रही झाले आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातून वॉशिंग्टनला चाकरमान्यांना नेणारी रेल्वे १९९२ पासून अॅमट्रॅक या तिथल्या सरकारी रेल्वे कंपनीची माणसे चालवत होती. २०१० मध्ये ते काम केओलिस या कंपनीकडे गेले. अॅमट्रॅकचे बहुतेक कर्मचारी नव्या कंपनीत आले नाहीत. बाहेरून माणसे आणावी लागली आणि त्यांना तो मार्ग माहीत नव्हता. तेव्हा जूनअखेरची ठरलेली तारीख पुढे ढकलली, माणसे तयार होईपर्यंत जुन्यांनीच गाड्या चालवल्या आणि १२ जुलैला बदल झाला. माझा भाचा तेव्हा तिकडे नोकरीला होता, त्या दिवसांत घरी फोनवर याच गोष्टी व्हायच्या. ब्रिटनमध्ये तर कंपनी बदलली की तिथले कर्मचारी आपल्या सेवेच्या वर्षांसकट नव्या कंपनीत जातात, तसा कायदाच आहे. आपण बसेस घेतल्या, डेपो घेतला, मार्ग घेतले. ते मार्ग ज्यांना येत होते ती माणसे मात्र घेतली नाहीत. माझ्या मते सगळ्या तक्रारींचे मूळ इथे आहे.

म्हणून माझी पहिली मागणी अशी, की जुन्या चालक-वाहकांना बोलावून त्यांची झालेली वर्षे धरून कामावर घ्यावे. जे येणार नाहीत त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या चालकाला त्या मार्गावरच्या माहीतगार माणसाबरोबर निदान तीन फेऱ्या, त्यातली एक रात्रीची, केल्याशिवाय एकट्याला स्टेअरिंग देऊ नये. माणसे पुरी होईपर्यंत दुपारच्या फेऱ्या कमी केल्या तरी आम्ही चालवून घेऊ, पण सकाळची ६.१० आणि रात्रीची शेवटची बस सुटलीच पाहिजे. ज्या फेऱ्या खरोखर चालणार आहेत त्यांचेच वेळापत्रक स्टॉपवर लावा, म्हणजे माणूस पावसात उभा राहणार नाही. आणि न आलेल्या बसच्या दिवसांचे पैसे पासधारकांना परत मिळावेत.

२६ जूनच्या चालकाचा बस क्रमांक मी या पत्रात मुद्दाम लिहिलेला नाही. त्याच्यावर कारवाई करू नये. पंधरा तासांची ड्यूटी त्याला कोणी लावली, त्याची चौकशी व्हावी. मी साक्ष द्यायला येईन.

जूनच्या डायरीच्या पानांच्या झेरॉक्स प्रती सोबत जोडल्या आहेत. माझा पत्ता आणि पास क्रमांक पाकिटावर आहे. उत्तर पत्रानेच द्यावे, मोबाइलवरच्या संदेशाने नको.

आपला,
एक पासधारक प्रवासी
राजेंद्रनगर, इंदूर